ज्याच्याकडे चावी, त्याच्यावर आळ

कांजूरमार्गला स्टेशनपासून जरा आत, एका बंद कारखान्याच्या भिंतीला चिकटून चार मजल्यांची एक सोसायटी उभी आहे. लिफ्ट नाही. वारा फिरला की डम्पिंगच्या कचऱ्याचा वास येतो. तेवढ्यापुरत्या सगळ्यांच्या खिडक्या बंद होतात, आणि वारा मागे वळला की उघडतात. तिथे वरच्या मजल्यावर नंदकुमार धुरी राहतो. माणूस इतका साधा की त्याची गोष्ट सांगतो म्हटलं तर ऐकणारा विचारील, अरे पण त्याच्या आयुष्यात घडलं काय? घडलं ते एवढंच, की त्याच्या घरातल्या एका डब्यानं त्याचा एकुलता एक सोबती घालवला. आता डबा सोबती कसा घालवतो, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

नंदकुमारचा बाप गिरणीत होता. खोली डिलाईल रोडच्या चाळीत, मूळ गाव कुडाळच्या अलीकडे. चाळीत एक रीत असे, आणि ती कोणाला शिकवावी लागत नसे. घराला कुलूप लावायचं आणि चावी शेजारी द्यायची. मग कुलूप लावायचंच कशाला, असं विचारणारा माणूस चाळीत राहिलेला नाही असं समजावं. धुरींची चावी शेजारच्या परबीणबाईंकडे असे. एकदा परबीणबाई कमरेला चावी खोचून तशाच गिरगावात भाचीच्या साखरपुड्याला निघून गेल्या. धुरींची पोरं शाळेतून आली तर दाराला कुलूप. त्या दुपारी ती पोरं पाच घरी जेवली, आणि पाचही घरी पोटभर. संध्याकाळी आई आली तेव्हा धाकटा झोपलेला, थोरला कण्हतोय आणि नंदकुमार म्हणतोय, परबीणबाई रोज गिरगावात का जात नाहीत?

पण त्या रीतीला एक दुसरी बाजू होती, ती कोणी बोलून दाखवत नसे. घरात काही इकडचं तिकडे झालं, तर चाळीचं पहिलं बोट चावीवाल्याकडे वळायचं. म्हणून चावी ठेवून घेणारा माणूस फार जपून असे. परबीणबाई तर धुरींच्या दारासमोरून जाताना हात पदराखाली घेऊन जायच्या.

हे सगळं नंदकुमारच्या अंगात भिनलेलं. त्यात नोकरी लागली ती औषधाच्या एका कारखान्यात, पॅकिंग खात्यात. खोकी भरून, चिकटपट्टी मारून, सील लावून निघाली की हा त्यांच्यावर हात फिरवून बघायचा. तिथल्या जुन्या मुकादमानं त्याला पहिल्याच आठवड्यात एक मंत्र दिला होता. सील फाटलं आणि माल कमी, तर चोर बाहेरचा. सील शाबूत आणि माल कमी, तर चोर आतला. उभी नोकरी नंदकुमारनं त्या मंत्रावर काढली, आणि मंत्र एकदाही खोटा पडला नाही. आयुष्यभर खरं ठरलेलं वाक्य फार वाईट. माणूस मग त्याच्याकडे वळून बघायचं सोडतो.

आता हर्षदभाई. हर्षदभाई सावला, समोरच्या दारातले. घाटकोपरला त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, खिळे, बिजागऱ्या, कड्याकुलपं. म्हातारपणी दुकान मुलानं विकलं आणि तो स्वतः बोरिवलीला टॉवरमध्ये राहायला गेला. हर्षदभाई इथेच राहिले. नंदकुमारची अनुपमा आणि त्यांची चेतनाबेन होत्या तोवर पॅसेजमधून आंबोळ्या पलीकडे जात आणि थेपले अलीकडे येत. दोघी गेल्या, एक आधी आणि एक मागाहून, आणि वाट्यांची ये-जा थांबली. मग दोघे पुरुष, ज्यांनी तोपर्यंत एकमेकांशी पाण्याची टाकी आणि क्रिकेट याखेरीज काही बोलून ठेवलं नव्हतं, ते बोलायला लागले. काही माणसांना बोलायला उशीर होतो. एकदा सुरू झाली की मागची सगळी थकबाकी वसूल करतात.

रोज सकाळी हर्षदभाई आपलं दार उघडून पॅसेजमधून हाळी द्यायचे, "नंदूशेठ, ऊठला की नाय?" आवाज असा की पहिल्या मजल्यावरची माणसंही उठून बसत. नंदकुमार तासाभरापूर्वीच उठलेला असे, पण हाक आल्याशिवाय दार उघडत नसे. मग हर्षदभाई स्वतःच्या घरात केलेला चहा हातात घेऊन नंदकुमारच्या घरात येऊन पीत. का, तर म्हणे दुसऱ्याच्या घरात चहा जास्त गरम लागतो. बोलायला विषय लागत नसे. एकदा बिजागरी आणि नवरा यांत तेलाची गरज कोणाला जास्त, यावर त्यांनी सकाळ घालवली, आणि शेवटी दोघांनी मिळून नंदकुमारच्या बाथरूमच्या दाराला तेल घातलं.

नंदकुमारच्या घराची चावी अर्थातच हर्षदभाईंकडे.

मुलगी प्रांजल लग्न होऊन मेलबर्नला गेली. जाताना बापासाठी तिनं घरात इंटरनेट घेतलं, केबलवाल्या चंदूकडून. चंदू हा त्या गल्लीतल्या केबल ऑपरेटरचा माणूस. वायर ओढायची, डबा बसवायचा, तक्रार आली की जिने चढायचे. त्यानं भिंतीवर दोन शिंगांचा राऊटर ठोकला. प्रांजलनं टॅब आणला होता, कारण बापाच्या जुन्या फोनवर चेहरा धड दिसत नसे. पासवर्ड तिनं स्वतः बसवला, आकडे आणि अक्षरं कालवून असा काही लांबलचक की नंदकुमारला तो पाठ करायला लहानपणच्या पाढ्यांसारखा घोकावा लागला. ती बजावून गेली की बाबा, हा कुणालाही द्यायचा नाही.

तिची टॅक्सी विमानतळावर पोचली नसेल तोवर पासवर्ड हर्षदभाईंकडे गेलेला होता. यात नंदकुमारला गैर काही वाटलंच नाही. ज्या माणसाकडे घराची चावी आहे, त्याच्यापासून घरातल्या एका डब्याची चावी लपवायची, हे त्याच्या डोक्यात शिरण्यासारखं नव्हतं. त्यानं मुलीला सांगितलं नाही एवढंच. हर्षदभाई त्या वायफायवर गुजराती नाटकं बघत, आणि त्यांतला विनोद आला की पॅसेज ओलांडून तो नंदकुमारला समजावायला येत. समजावून होईपर्यंत विनोद मेलेला असे, पण दोघे हसत.

असं चाललं होतं. मग प्रांजलला मुलगी झाली.

बारसं रविवारी ठरलं. तिकडची दुपार, इकडची सकाळ. नंदकुमारनं इस्त्रीचा सदरा घातला. स्टुलावर पोळ्यांचा डबा ठेवून त्याला टॅब टेकवला, पाठीमागच्या भिंतीवर अनुपमाचा फोटो येईल अशी खुर्ची लावली. हर्षदभाई देरासरात, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जाऊन मग येणार होते, बाळासाठी चांदीचा वाळा घेऊन. वाळा टॅबमधून कसा देणार, असं नंदकुमारनं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, दाखवून तर ठेवू, हक्क तर बसेल.

वेळ झाली आणि टॅब जोडेना. वायफायचं रोजचं नाव यादीत दिसेना. नंदकुमारनं पुन्हा पुन्हा बघितलं. त्या जागी एक दुसरंच नाव होतं, इंग्रजी अक्षरांत. बोट ठेवून त्यानं ते एकेक अक्षर लावत वाचलं. नंदूशेठ ऊठला की नाय.

घोकलेला पासवर्ड घातला तर तो डब्यानं नाकारला. तिकडे मेलबर्नला पाळणा सजलेला, आणि इकडे हा माणूस स्वतःच्याच दाराबाहेर उभा असल्यासारखा त्या नावाकडे बघत बसलेला. चंदूचा फोन बंद. साध्या फोनवरून प्रांजलला लावला तर ती गडबडीत, मागे बायकांचा गलका. बाबा, तुम्ही नेट बघा ना, आम्ही थांबतो, असं तिनं म्हटलं, आणि थोडा वेळ थांबलेही ते. पण परक्या देशात भाड्यानं घेतलेला हॉल बारशासाठी थांबत नाही.

एवढ्यात हर्षदभाई आले. सदऱ्याच्या खिशात वाळा, कपाळाला केशराचा टिळा. नंदकुमारनं टॅब त्यांच्यापुढे धरला. हर्षदभाईंनी नाव वाचलं आणि त्यांना हसू फुटलं. आवाज मोठा, हसणंही मोठं. टॅब आपलीच हाळी देतोय, यात त्यांना पहिल्या क्षणी गंमतच दिसली. मग नंदकुमारच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं, पण तोवर उशीर झाला होता.

दुपारी चंदू आला. डब्याच्या मागच्या भोकात काडी खुपसून त्यानं सगळं मुळापासून नवीन केलं आणि जाता जाता विचारलं, "काका, पासवर्ड कोणाला दिला होता का? हे घरचंच कोणीतरी असतं हो. माहितीतलं."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते म्हणतात. नंदूशेठ म्हणणारा माणूस जगात एक. ऊठला की नाय विचारणारा तोच. पासवर्ड असलेला तोच. नाव वाचून हसला तोही तोच. आणि मुकादमाचा मंत्र होताच तयार: सील शाबूत, तर चोर आतला. थट्टा केली असेल, वाईट मनात नसेल, हेही नंदकुमारनं स्वतःला सांगून बघितलं. पण संध्याकाळी प्रांजलचा साधा फोन आला, नाव ओवी ठेवलं बाबा, इतकंच सांगणारा, तेव्हा त्या नावाला चेहराच नव्हता. तार आल्यासारखं नाव आलं. त्यावर थट्टा हा शब्द टिकला नाही.

दुसऱ्या सकाळी हाळी आली, थोडी हलक्या आवाजात. नंदकुमारनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"हर्षदभाई, माझी चावी दे."

"का रे, तुझी हरवली?"

"नाही. दोन्ही माझ्याकडेच राहू देत."

हर्षदभाईंच्या हातात चहाचा कप होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. "नंदू, काय झाला?"

"काय नाय."

चाळीत चावी परत मागणं म्हणजे काय, ते चाळीत राहिलेल्यालाच कळेल. भांडण झालं, शिव्या झाल्या, पाण्यावरून हंडे आपटले, तरी चावी जिथल्या तिथे असे. चावी परत मागितली की मग माणसं लग्नाच्या पत्रिकाही पोस्टानं पाठवत. हर्षदभाई चाळीतले नव्हते, पण जन्मभर कुलपं विकलेला माणूस, त्यांना कळलं. आत गेले, आपल्या जुडग्यातून ती चावी नखानं काढायला लागले. नखं म्हातारी, कडी घट्ट. नंदकुमार उंबऱ्यातून तो खुडखुड आवाज ऐकत होता आणि पुढे होऊन मदत करत नव्हता. शेवटी चावी हातावर पडली. दोन्ही दारं बंद झाली.

त्यानंतर चौथ्या मजल्यावर कोणी मोठ्यानं बोललं नाही.

एकटं राहणं आणि एकटं पडणं यांत फरक आहे, तो नंदकुमारला आता समजला. अनुपमा गेल्यावर तो एकटा राहत होता. आता पडला. सकाळी उठून तो सवयीनं थांबायचा. मग आपण कशासाठी थांबलोय ते आठवून स्वतःच दार उघडून दुधाची पिशवी आत घ्यायचा. बातम्यांचा चॅनल दिवसभर चालू ठेवायचा, आवाजासाठी. एकदा कढीत मीठ जास्त पडलं तर तो मोठ्यानं म्हणाला, मीठ जास्त झालं हां, आणि मग घरभर बघितलं, जणू कोणी ऐकलं तर नाही ना. समोरच्या दारामागे नाटकांचा आवाज बंद झाला होता. त्यांच्याकडे नवा पासवर्ड नव्हता. दुसरं कनेक्शन त्यांनी घेतलं नाही.

जिन्यात गाठ पडायची. हर्षदभाई वर चढताना कठड्याला धरून उभे राहायचे, वाट द्यायला. नंदकुमार भिंतीकडे बघत खाली उतरायचा. एकदा त्यांनी तोंड उघडलं होतं, पण खालून कोणीतरी सायकल उचलून वर आणत होतं, त्यात ते राहून गेलं. राहून गेलेलं बोलणं कुठे जातं, देव जाणे. चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये ते साचून राहिलं असावं, कारण तिथून जाताना नंदकुमारचा पाय जड व्हायचा.

प्रांजल आठवड्याला फोन करी. ओवी दिसे, हसे, पुढे पुढे बसायलाही लागली. हर्षदकाका कसे आहेत, असं प्रांजल विचारी, आणि नंदकुमार म्हणे, मजेत आहेत. मग टॅब बंद झाला की तो काळ्या काचेत आपलाच चेहरा थोडा वेळ बघत बसे.

थंडी संपता संपता हर्षदभाईंचा मुलगा येऊन त्यांना बोरिवलीला घेऊन गेला. दाराच्या भिंगातून नंदकुमारनं ते सगळं बघितलं. दोन बॅगा, चेतनाबेनचा गुंडाळलेला फोटो, औषधांची पिशवी. मुलगा खाली उतरल्यावर हर्षदभाई वळले आणि नंदकुमारच्या दारासमोर येऊन उभे राहिले. भिंगात त्यांचं नाक मोठं दिसत होतं आणि डोळे लांब. हात बेलपर्यंत गेला. आत नंदकुमारचा हात कडीवर होता. खालून मुलाची हाक आली, पप्पा, गाडी अडलीय. हात खाली आला. कोकणातल्या माणसाला अडून बसायला शिकवावं लागत नाही. कडीवरचा हात कडीवरच राहिला.

त्यानंतर सकाळी नंदकुमार उशिरा उठायला लागला.

मग एका दुपारी टॅब जोडेना. यादी उघडली, तर आपलं नाव गायब आणि त्या जागी कसलंतरी वाह्यात नाव, एका क्रिकेटपटूची टर उडवणारं. नंदकुमार आधी चिडला. मग हळूहळू त्याच्या हातातला टॅब मांडीवर आला. नवा पासवर्ड चंदूनं बसवला होता खरा, पण दुसऱ्याच दिवशी नंदकुमारनं स्वतः तो बदलला होता, प्रांजलला फोनवर विचारून विचारून. तो त्यानं कोणालाही दिला नव्हता. कुठे लिहून ठेवला नव्हता. आणि हर्षदभाई बोरिवलीला.

सील शाबूत होतं. आत मात्र कोणीच नव्हतं.

तो तसाच चपला घालून खाली निघाला. दुसऱ्या मजल्यावर नमिताच्या दारात चंदू उभा दिसला. नमिता ही सोसायटीच्या कमिटीतली, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करणारी. तिच्याही वायफायचं नाव कोणीतरी बदललं होतं, पहिल्या मजल्यावरच्यांचंही, आणि ती चंदूला धारेवर धरत होती. नंदकुमारनं आपलं सांगितलं. पासवर्ड मी कोणालाही दिला नव्हता बाई, हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं की नमितानं त्याला आत नेऊन खुर्ची दिली.

तिनं आपल्या लॅपटॉपवर दाखवलंच. राऊटरच्या पोटात एक पान असतं, तिथून त्याचं नाव, पासवर्ड, सगळं बदलता येतं. ते पान उघडताना राऊटर पासवर्ड मागतो. पण या मॉडेलमध्ये कंपनीची चूक राहिलेली. आतल्या काही पानांचा पत्ता सरळ टाइप केला की ती पासवर्ड न मागताच उघडायची. नमितानं टाइप केलं आणि नंदकुमारच्या घराचा कारभार तिच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडा पडला.

"काका, तुमचा पासवर्ड कोणी चोरलाच नव्हता," ती म्हणाली. "त्याची गरजच पडली नाही."

नंदकुमारला गावचा भिकू घाडी आठवला. भिकूनं मुंबईहून नारळाएवढं कुलूप नेलं होतं आणि पुढच्या दाराला लावून तो सासुरवाडीला गेला होता. मागल्या दाराला सुतळीची गाठ. परत आला तर फणसाची साठं आणि एक पितळी घागर गेलेली. पण भिकू वाडीभर सांगत फिरला, कुलपाक हात नाय हां लावलेलो कोणी, येवन बघा. आणि लोक खरंच येऊन कुलूप बघून गेले. ही गोष्ट नंदकुमार हर्षदभाईंना सांगताना दोघे डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले होते. आता नमिताच्या घरात त्याला कळलं, की कुलूप दाखवत फिरणारा आपणच. आणि आपण तर वरती वाडीतल्या एका भल्या माणसाला चोर ठरवून आलो. चोर सोडून संन्याशाला सुळी.

पण माझ्या घरात न शिरता माझा डबा दुसऱ्यानं उघडला कसा, हे त्यानं विचारलं. तेव्हा चंदू मान खाजवायला लागला. सगळ्या इमारतीत आणि शेजारच्या दोन इमारतींत वायर त्याच्या शेठचीच, आणि त्या वायरवरच्या कुठल्याही घरातून दुसऱ्याच्या राऊटरपर्यंत पोचता येत होतं, कारण चंदूनंच प्रत्येक डब्याचा बाहेरून जोडायचा रस्ता उघडा ठेवला होता. तक्रार आली की ऑफिसातूनच दुरुस्त करायचं, दरवेळी जिने कोण चढणार. पासवर्ड आहे ना, मग कोण येतंय आत, असा त्याचा हिशेब. कंपनीनं ती चूक सुधारून अपडेट केव्हाच दिलं होतं. ते टाकायचं कोणाच्या ध्यानात नव्हतं. नमितानं त्याला बसवून घेतलं आणि घरोघरी ते टाकायला लावलं, बाहेरचा रस्ता बंद करायला लावला. त्या दिवशी चंदू सगळे जिने चढला.

नावं बदलणारा कोण, ते कधीच कळलं नाही. कोणीतरी रिकामटेकडा, त्याच वायरवरचा, गंमत म्हणून घरोघर डोकावणारा. हर्षदभाईंची सकाळची हाळी तीन इमारतींना पाठ होती. नंदूशेठ कोण, हे त्याला वेगळं शोधावं लागलं नसणार.

नंदकुमार वर आला. समोरच्या दाराला धूळ बसलेली. त्यानं फोन हातात घेतला आणि ठेवला. हे फोनवर सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बस धरली, जोगेश्वरीला उतरून दुसरी धरली, आणि हायवेच्या गर्दीत खिडकीशी बसून बोरिवलीपर्यंत वाक्यं जुळवत गेला. टॉवरच्या गेटवर वॉचमननं नाव विचारलं, कोणाकडे विचारलं, काम काय विचारलं, वर फोन लावून खात्री केली. काम काय या प्रश्नाला नंदकुमारनं थोडा वेळ घेतला आणि सांगितलं, ओळखीचे आहेत.

हर्षदभाई बाल्कनीत बसलेले. वाळले होते. नंदकुमारला बघून उठले नाहीत, पण समोरच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं.

जुळवलेली वाक्यं सगळी हायवेवरच सांडली असावीत. नंदकुमार बसला आणि म्हणाला, "हर्षदभाई, ते तू नव्हतास."

"मी नव्हतो ते मला तर माहीतच होता," हर्षदभाई म्हणाले. "तुला आत्ता कळला?"

मग नंदकुमारनं सगळं सांगितलं. हर्षदभाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि त्यांनी न तोडता ऐकावं याचीच नंदकुमारला भीती वाटली. सून चहा ठेवून गेली. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, की दुकानात बसून त्यांनी हजार गिऱ्हाइकं बघितली. जो तो पुढच्या दाराचं कुलूप मागतो, मागच्या दाराची कडी कोणी मागत नाही. एवढं बोलून ते खाली रस्त्याकडे बघत राहिले.

"तू मला शिव्या दिल्या असत्या ना नंदू, तर चाललं असतं," ते म्हणाले. "भांडला असता तरी चाललं असतं. तू विचारलंच नाय रे. चावी मागितली फक्त. मला चंदूकडून कळला, की मी काय केला ते."

"मग तू तरी का नाही बोललास?"

"काय बोलू? मी नाय केला, असा? तुझ्या दारात उभा राहून?" हर्षदभाईंनी मान हलवली. "पोलिसाला बोलतात तसा. तुला कसा बोलू."

चहा निवून चालला होता. त्यानं कप उचलला, पुन्हा ठेवला, आणि विचारायचं ते विचारलं. "परत ये ना. घर आहे तिथे."

हर्षदभाईंनी लगेच नाही म्हटलं नाही. आधी चहाकडे बघितलं, मग नंदकुमारकडे. "पोराने भाड्याने दिला रे. सोमवारी माणसं येतील राहायला. नवरा-बायको आहेत, दोघे नोकरीवाले. चांगले आहेत." मग म्हणाले, "दिवसभर नसतील घरी."

म्हणजे चौथ्या मजल्याचा पॅसेज आता तसाच राहणार. नंदकुमारनं ते ऐकून घेतलं. राग गेला होता, गैरसमज गेला होता, दोघांच्या मध्ये काही अडून राहिलं नव्हतं. आणि तरी रोजची सकाळ परत यायची नव्हती. तुटलेलं जुळतं, पण तोवर घरं बदललेली असतात.

उन्हं कलली तेव्हा तो निघाला. हर्षदभाई म्हणाले, स्टॉपपर्यंत येतो. सून नको म्हणत होती, गुडघ्यासाठी, पण त्यांनी काठी घेतली. स्टॉपवर लोखंडी बाक होता, त्यावर दोघे बसले. जोगेश्वरीची बस आली. हर्षदभाई तेव्हा त्यांच्या टॉवरच्या गच्चीतल्या बागेबद्दल सांगत होते, तिथली झाडं प्लास्टिकची निघाली आणि त्यांनी महिनाभर त्यांना पाणी घातलं होतं. नंदकुमार हसला. ती बस गेली. पुढची आली तेव्हा नंदकुमार ओवीचं सांगत होता, तिला दोन दात आलेत आणि ती टॅबलाच चावायला बघते. ही जाऊ दे, हर्षदभाई म्हणाले, हिला गर्दी आहे. बस अर्धी रिकामी होती. तीही गेली. त्यानंतरचीही.

शेवटी दिवे लागले, आणि जोगेश्वरीहून पुढची बस चुकेल अशी वेळ आली. नंदकुमार चढला. खिडकीची जागा मिळाली, पण काच बंद आणि अडकलेली. जोर लावला तरी सरकेना. बाहेर हर्षदभाई काठी टेकून उभे, अजून बोलत होते. हात हलवत, मध्येच हसत, काहीतरी लांबलचक. एक शब्द आत येत नव्हता. बस सुटेपर्यंत नंदकुमार काचेला कपाळ टेकून मान हलवत राहिला, हो, हो, असं.